होडी आपली, नदी सगळ्यांची

मंडळी, सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे कृष्णामाईच्या काठी वाढले. माई महाबळेश्वराला उगम पावते. वाईला घाटाच्या पायऱ्या धुते. माहुलीला वेण्णा तिला मिळते. कऱ्हाडला कोयना समोरून येऊन तिच्या गळ्यात पडते, म्हणून त्या जागेला प्रीतिसंगम म्हणतात. पुढे आमणापूर, औदुंबर, भिलवडी, ब्रह्मनाळ अशी गावे घेत ती सांगलीला येते. हरिपूरला वारणेला पोटात घेते आणि पुढच्या मुलखात जाते.

पूर्वी पूल थोडे होते. माणसे, पोती, शेरडे-करडे, सारे काही होडीने पलीकडे जाई. सांगलीचा आयर्विन पूल १९२९ साली झाला. पुढे जागोजाग पूल झाले. तरी होडी काही गेली नाही. मासे धरणारे होडी घालतात. सांगलीच्या बाजूला होड्यांच्या शर्यती लागतात आणि दोन्ही काठ माणसांनी फुलून जातात. पुरात तर होडी हाच आधार. होडी नसेल तिथे गुळाची काहील पाण्यात लोटून माणसे बाहेर काढलेली आपल्या भागात पुष्कळांनी पाहिली आहेत.

वल्हे कसे मारावे, धार कशी ओळखावी, हे जाणत्या नावाड्याकडूनच शिकावे. ते पुस्तकात येत नाही. या धड्यात आपण दुसरीच गोष्ट शिकू. होडीत बसल्यावर इतरांशी कसे वागावे? इतर म्हणजे काठावरची माणसे, दुसऱ्या होडीतली माणसे, आणि पाण्यात राहणारे मुके जीव.

लाट कुठवर जाते?

रस्त्याने गाडी गेली की धुरळा उडतो. थोड्या वेळाने तो बसतो. पाण्यावरून होडी गेली की लाट उठते. वल्ह्याच्या होडीची लाट लहान. इंजिनाच्या होडीची लाट मोठी. होडी जितकी जोरात, तितकी लाट मोठी. ती लाट निघते आणि थेट काठाला जाऊन आपटते. तोवर होडीवाला पुढे गेलेला असतो. लाटेने मागे काय केले ते त्याला दिसतच नाही.

आता काठावर कोण आहे पाहा. घाटाच्या खालच्या पायरीवर एक बाई धुणे धूत आहे. शेजारी तिचे पोर पाण्यात पाय सोडून बसले आहे. पायरीवर शेवाळ आहे. लाट आली, पाय घसरला, की पोर पाण्यात. पलीकडे एकजण नदीवरच्या मोटारीचा फूटव्हॉल्व्ह साफ करायला कमरेइतक्या पाण्यात उतरला आहे. त्याची पाठ नदीकडे आहे. जरा पुढे एक म्हातारा लहान होडीत उभा राहून जाळे ओढतो आहे. त्याची होडी हलली तर तोल कोणाचा जाणार?

म्हणून घाट, पाणवठा, लहान होडी, पोहणारी मुले दिसली की वेग कमी करायचा. लांबूनच हाक द्यायची. "आलो हो, होडी येतेय!" एवढे म्हणायला काय पैसे पडतात? पण त्या एका हाकेने माणूस सावध होतो.

जाळे ही दुसऱ्याची भाकर आहे. पाण्यावर तरंगणारे डबे, बाटल्या किंवा थर्माकोलचे तुकडे ओळीने दिसले, तर खाली जाळे आहे असे समजावे आणि वळसा घालावा. जाळ्यावरून इंजिन नेले की जाळे फाटते आणि पंख्यातही गुंतते. दोघांचेही नुकसान. फाटके नायलॉनचे जाळे पाण्यात तसेच टाकू नये. ते कुजत नाही. वर्षानुवर्षे पाण्यात राहते आणि त्यात मासे, कासवे अडकून मरतात. कासव पाण्यात राहते खरे, पण श्वास घ्यायला त्याला वर यावे लागते. अडकले की ते पाण्यातच गुदमरते.

पाण्यातले शेजारी

नदीकडे वरून पाहिले तर नुसते पाणी दिसते. पण तिथे एक गावच्या गाव नांदते. मासे आहेत, मऊ पाठीची कासवे आहेत. पाणमांजर आहे. कुणी त्याला ऊद म्हणतात. पाणमांजरे काठाच्या कपारीत, झाडांच्या मुळांत बीळ करतात आणि बहुधा कुटुंबाने हिंडतात. मासे आणि खेकडे हे त्यांचे खाणे.

उन्हाळ्यात पाणी उतरते आणि मधली वाळूची व मातीची बेटे उघडी पडतात. त्या बेटांवर नदी सुरय नावाचा पांढुरका, निमुळत्या पंखांचा पक्षी अंडी घालतो. तो घरटे बांधत नाही. वाळूत जराशी खळगी केली की झाले. अंडी वाळूच्याच रंगाची. पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. आपण बेटावर होडी लावली, जेवणाची चादर पसरली, की पक्षी डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागतो. आपल्याला वाटते, काय मजेने उडतोय! तो मजेने उडत नाही, बाबांनो. खाली त्याची अंडी उन्हात तापत आहेत. उन्हाळ्याच्या दुपारी आई उठली की अंड्यातला जीव टिकणे कठीण. जोराची लाट आली तरी ती खळगी पुसून जाते. म्हणून फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत अशा बेटांवर उतरूच नये.

मगरीची गोष्ट

सांगली जिल्ह्यात कृष्णेचे नाव निघाले की मगरीचे नाव निघतेच. आमणापूर, औदुंबर, भिलवडीपासून सांगलीपर्यंतच्या पात्रात मगरी आहेत. नर दहा-बारा फुटांचा होतो, कधी त्याहून मोठा.

मगरीचे रक्त आपल्यासारखे नेहमी ऊन राहत नाही. थंडीत तिला उन्हातच अंग तापवावे लागते. तापले तरच खाल्लेले नीट पचते. म्हणून हिवाळ्यात ती सकाळपासून काठावर पडून राहते. तोंड उघडे ठेवते ते आपल्याला भिववायला नव्हे. अंगातली जादा उष्णता ती तोंडावाटे घालवते. होडी जवळ नेली की ती पाण्यात शिरते. एक होडी गेली, दुसरी आली, तिसरी आली, की तिचा दिवस वाया गेला.

हिवाळा सरता सरता मादी काठाच्या उंच, कोरड्या मातीत खड्डा करते आणि त्यात वीस-तीस अंडी घालून माती लोटते. साधारण दोन महिन्यांनी, पावसाच्या तोंडावर पिल्ले निघतात. पिल्ले नर होणार की मादी, हे खड्ड्यातल्या उबेवर ठरते. पिल्ले आतून आवाज देतात. मग आई माती उकरते आणि एकेक पिल्लू जबड्यात धरून अलगद पाण्यात नेऊन सोडते. ज्या जबड्याला आपण भितो, तोच तिच्या लेकरांचा पाळणा. या दिवसांत ती घरट्याजवळ कोणाला फिरकू देत नाही. काठ तासला, वाळू उपसली, की तिला अंडी घालायला जागाच राहत नाही. मग ती नवी जागा शोधते, आणि ती जागा आपल्या पाणवठ्याजवळही असू शकते.

कुणी म्हणेल, "शहाणपण सांगायला तुमचं काय जातंय? ज्याच्या घरचं माणूस गेलं त्याला विचारा." हे म्हणणे खरे आहे. कृष्णाकाठी मगरीने माणसे ओढून नेली आहेत. त्या घरांपुढे आम्ही मान खाली घालतो. मगरीवर माया करा असे आम्ही कोणालाच सांगत नाही. आमचे म्हणणे एवढेच, की अंतर ठेवा. अंतराने माणूसही वाचतो आणि मगरही.

अंतर म्हणजे किती? निदान शंभर-दीडशे हात. काठावर मगर दिसली तर होडी पलीकडच्या अंगाने न्यावी. होडीबाहेर हात-पाय सोडू नयेत. मगरीला कोंबडीची आतडी, मेलेली जनावरे टाकू नयेत. एकदा तिला कळले की घाटावर खायला मिळते, की ती घाटावरच येणार, आणि दुसऱ्या दिवशी त्या घाटावर कोणाची तरी लेक कळशी घेऊन येणार. पहाटे आणि तिन्हीसांजेला एकट्याने पाण्यात उतरू नये.

मगर वाट चुकून शेतात किंवा वस्तीत आली तर दगड मारू नयेत, दोर टाकू नये. वनखात्याला १९२६ या नंबरवर फोन करावा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात मगर पहिल्या यादीत आहे. तिला मारणाऱ्याला तीन ते सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची. होडीत कुणीतरी ओरडते, "मगर! मगर!" सगळे उठतात आणि एकाच अंगाला धावतात. मोबाईल काढतात. होडी त्या अंगाला कलते. अशा वेळी मगर काही करत नाही, आपलेच वजन आपल्याला बुडवते. म्हणून नियम असा, की काहीही दिसले तरी जागचे उठायचे नाही. बसूनच पाहायचे.

ब्रह्मनाळ

ब्रह्मनाळ हे पलूस तालुक्यातले गाव. येरळा नदी तिथे कृष्णेला मिळते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मोठा पूर आला. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांना धोक्याची पातळी धरतात. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. ब्रह्मनाळला पाण्याचा वेढा पडला. ८ ऑगस्टला गावकऱ्यांना बाहेर काढणारी होडी उलटली. १७ जणांचा जीव गेला. त्यात बाया होत्या, लेकरे होती.

त्या माणसांना दोष द्यायला ही गोष्ट आम्ही सांगत नाही. घरात पाणी शिरले आहे, कडेवर मूल आहे, आणि समोर होडी आली, तर कोण म्हणेल की मी मागाहून येतो? म्हणूनच ही गोष्ट पूर यायच्या आधी ठरवायची असते.

गावाने उन्हाळ्यातच बसावे आणि ठरवावे. आपल्या होडीत किती माणसे? तो आकडा होडीवर मोठ्या अक्षरांत रंगवावा. आता आपल्याला वाचता येते, म्हणून आपणच तो मोठ्याने वाचून दाखवावा. तरंगती जाकिटे किती? पोरांच्या मापाची आहेत का? पहिल्या खेपेला कोण, दुसऱ्या खेपेला कोण? लेकुरवाळ्या, आजारी, म्हातारी माणसे आधी. धडधाकट माणसांनी मागे थांबायचे. आकडा भरला की होडी सुटली पाहिजे. "एकच माणूस जादा घे रे" असे म्हणणाऱ्याला आणि नावाड्याचा हात धरणाऱ्याला गावानेच थोपवावे. नावाडी "नाही" म्हणाला तर तो निष्ठुर नव्हे. तो आत बसलेल्या सगळ्यांचा जीव राखतो.

पुराच्या पाण्यात होडी गल्लीतून चालते. तिथेही वेग हळूच हवा. पाण्यात भिजलेली मातीची भिंत मोठ्या लाटेने कोसळू शकते. घर ज्याचे आहे तो छावणीत बसला आहे. त्याची भिंत उभी ठेवणे आपल्या हातात आहे. पाण्याखाली विहिरीचे कठडे, तारांची कुंपणे असतात. वर विजेच्या तारा हाताला लागतील इतक्या खाली येतात. म्हणून पुढे एकाने नजर ठेवून बसावे. झाडांवर, छपरांवर साप-विंचू चढून बसतात. त्यांनाही जीव प्यारा आहे. २०१९ च्या पुरात बेळगाव जिल्ह्यात रायबाग तालुक्यात एका घराच्या छपरावर मगर येऊन बसली होती. अशांना काठीने ढोसू नये. पाणी उतरले की ते आपल्या वाटेने जातात.

कोयनेचा जलाशय

आता वर सातारा जिल्ह्यात जाऊ. पाटण तालुक्यात कोयना नदीवर १०३ मीटर उंचीचे धरण आहे. त्याच्या मागे जे पाणी तुंबले, त्याला शिवसागर म्हणतात. धरणाने वीज दिली, पण कित्येक गावे पाण्याखाली गेली. जी राहिली, ती पाण्याने तोडली. बामणोली, तापोळा या भागात पलीकडच्या गावाला जायचे तर लाँच हीच एस. टी. बाजार, शाळा, दवाखाना, बाळंतपण, सारे तिच्यावर.

आता तिथे सहलीला पुष्कळ लोक येतात. यावे. त्यातून तिथल्या माणसांना चार पैसे मिळतात. पण धक्क्यावर गावची लाँच लागली असेल तर आपली होडी बाजूला घ्यावी. आपली सहल तासाभराने झाली तरी चालते. दवाखान्याला तास चालत नाही. कुणाच्या घराचे, पाण्यावर आलेल्या बायांचे न विचारता फोटो काढू नयेत.

या पाण्याच्या पश्चिम अंगाला दाट रान आहे. ते १९८५ पासून कोयना अभयारण्य आहे. वारणेच्या बाजूला चांदोलीचे राष्ट्रीय उद्यान आहे. दोन्ही मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. बामणोलीहून होडीने वासोट्याला जाणाऱ्याला वनखात्याची परवानगी लागते. गवा, सांबर, भेकर पाण्यावर येतात. त्यांच्याही तो पाणवठाच. म्हणून काठाजवळ इंजिन हळू करावे. गाणी लावू नयेत, भोंगा वाजवू नये. गवा पाणी पीत असेल तर लांबच थांबावे. तान्हेल्याला पाणी पिऊ न देणे हे पाप आहे असे आपली आजी सांगत होती. ते माणसापुरते सांगितले नव्हते.

इंजिनाचे काळे तेल पाण्यात ओतू नये. प्लास्टिकची पिशवी, बाटली परत आणावी. हेच पाणी खाली कऱ्हाड आणि सांगली पिते.

समुद्रावर गेल्यावर

सुट्टीत आपल्यातले कितीतरी जण घाट उतरून गुहागर, मालवणला जातात. तिथे होडीवाले डॉल्फिन दाखवतात. डॉल्फिन दिसतो माशासारखा, पण तो मासा नाही. पिल्लाला अंगावर पाजतो. श्वास घ्यायला पाण्यावर येतो. चार होड्यांनी त्याला चहूबाजूंनी घेरले तर त्याला धड श्वास घेता येत नाही, आणि पिल्लू आईपासून तुटते. आपणच होडीवाल्याला सांगावे, "दादा, मागे पळवू नका. लांबूनच दाखवा. नाही दिसला तरी पैसे देऊ." गिऱ्हाईक असे म्हणाले तर होडीवाल्यालाही बरे वाटते. त्याचे डिझेल वाचते. मालवणच्या समुद्रात पोवळ्याचे खडक आहेत. ते सजीव आहेत आणि फार सावकाश वाढतात. त्यांवर नांगर टाकू नये, पाय देऊ नये.

दूर अमेरिकेत, फ्लॉरिडा प्रांतात, मॅनाटी नावाचा मोठा, सुस्त, पाण्यातले गवत खाणारा प्राणी आहे. इंजिनाच्या होड्यांनी तो जखमी होतो. पंख्याच्या पात्यांचे वण कित्येकांच्या पाठीवर असतात. म्हणून तिथे पाण्यात पाट्या लावल्या आहेत, की इथे होडी हळू चालवा. आपल्याकडे प्रत्येक डोहावर पाटी लागेल तेव्हा लागेल. पण नदीकाठच्या माणसाला आपला डोह पाटीशिवायही माहीत असतो. कुठे मगर पडते, कुठे जाळे असते, कुठल्या घाटावर बाया येतात, हे त्याला ठाऊक आहे. तेच त्याने पोरांना सांगावे.

ध्यानात ठेवू

१. घाट, जाळे, लहान होडी दिसली की वेग कमी.
२. होडीवर लिहिलेल्या आकड्याच्या वर एकही माणूस नाही.
३. जाकीट घातल्याशिवाय होडी सोडायची नाही.
४. काहीही दिसले तरी जागचे उठायचे नाही.
५. मगरीपासून शंभर-दीडशे हात लांब.
६. उन्हाळ्यात वाळूच्या बेटावर उतरायचे नाही.
७. नेलेले सगळे परत आणायचे.
८. वनखाते १९२६, तातडीची मदत ११२. हे दोन नंबर घरात भिंतीवर लिहून ठेवायचे.

वाचून झाल्यावर बोलू या

१. होडीची लाट काठावर कोणाकोणाला लागते?
२. मगर तोंड उघडे ठेवून का पडते?
३. "एकच माणूस जादा घे" असे कुणी म्हणाले तर तुम्ही काय सांगाल?
४. तुमच्या गावच्या होडीत किती माणसे बसू शकतात? जाणत्या नावाड्याला विचारा आणि तो आकडा पाटीवर लिहा.